खांदेपालट



वैशाख सरत आला आहे. मुलांच्या परीक्षा आटोपल्या, शाळांना सुट्ट्या लागल्या, घरोघरी पापड-कुरडयांची वाळवणे चालू आहेत, आणि दिवसभराचे ऊन सोसून आपण संध्याकाळच्या वाऱ्याला या मांडवात येऊन बसला आहात. श्रोते असे निवांत भेटावेत यासारखे व्याख्यात्याचे दुसरे भाग्य नाही. परंतु आजच्या विषयाचे दुर्दैव असे की, ज्यांच्याविषयी बोलायचे त्यांच्यापैकी जवळजवळ कोणीच येथे आलेले नाही. आम्ही आठ घरी स्वतः जाऊन निमंत्रण दिले होते. आठही घरी आमचे स्वागत झाले, चहा झाला, आणि थोड्याफार फरकाने एकच उत्तर मिळाले : "यायला फार आवडलं असतं हो, पण त्याच्याजवळ बसायचं कोणी?"

हा प्रश्न हाच आमचा आजचा विषय आहे.

ज्या मुलांना आपण आता दिव्यांग म्हणतो, त्यांच्या घरांविषयी आम्ही बोलणार आहोत. आपल्या कायद्याने १९९५ साली अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते. २०१६ च्या कायद्याने ते एकवीस केले. २०११ च्या जनगणनेत देशातील अशा व्यक्तींची संख्या २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रातील २९ लाखांहून अधिक नोंदली गेली. या साऱ्यांची गरज एकसारखी नाही. अंध मुलगा काठी घेऊन महाविद्यालयात जातो, बहिरी मुलगी हाताच्या खुणांनी उत्तम संभाषण करते. आम्ही बोलत आहोत ते त्यांतल्या एका भागाविषयी. मेंदूच्या पक्षाघातामुळे ज्यांना मान सावरता येत नाही, ज्यांची बुद्धीची वाढ फार अडखळली आहे, जी स्वमग्न मुले रात्र-रात्र झोपत नाहीत, ज्यांना वारंवार फेफरे येते, अशी ही मुले आहेत. त्यांच्याजवळ सदैव कोणीतरी असावे लागते. आणि बहुतेक घरी हे 'कोणीतरी' म्हणजे एकच व्यक्ती असते, ती म्हणजे आई.

अशा घरातला दिवस कसा जातो हे बाहेरून कळत नाही. गिळण्याचे स्नायू साथ देत नसतील तर एक वाटी पातळ खिमटी भरवायला तास जातो. घाई केली तर घास श्वासनलिकेत जाण्याची भीती. म्हणजे तीन वेळच्या जेवणाचे तीन तास. मूल स्वतः कूस बदलू शकत नसेल तर रात्री उठून त्याची कूस बदलावी लागते, नाहीतर अंगाला जखमा होतात. औषधांच्या वेळा, न्हाणे, कपडे, व्यायाम हे सारे दररोज. मूल दोन वर्षांचे असते तेव्हा हे काम सर्वच आया करतात आणि ते गोड वाटते. तेच मूल चौदा वर्षांचे, पस्तीस किलो वजनाचे झाले, आईची पन्नाशी जवळ आली, तिची कंबर धरली, तरी काम तेच. इतर मुलांच्या आयांचे काम दरवर्षी थोडे हलके होते. हिचे दरवर्षी थोडे जड होते. या मुलांसाठी गावात शाळा असते तेथे दुपारचे चार तास तरी मोकळे मिळतात. पण ती शाळाही मे महिन्यात बंद. आपली सुट्टी सुरू होते त्याच दिवशी या आईची उरलीसुरली सुट्टी संपते.

येथे आम्हांला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्याच पुढाकाराने गावात आदर्श मातांचा सत्कार झाला. त्यात अशा एका मुलाच्या आईची निवड आम्ही आग्रहाने केली होती. समारंभाला त्या बाई पाऊण तास उशिरा आल्या. आम्ही मनातून थोडे नाराज झालो. पाहुणे खोळंबले होते. मग शाल झाली, श्रीफळ झाले, आणि आम्ही मातृत्वाच्या थोरवीवर वीस मिनिटे बोललो. टाळ्याही पुष्कळ पडल्या. भोजनाला त्या थांबल्या नाहीत. दाराशी निरोप देताना त्या अगदी सौम्यपणे म्हणाल्या, "गुरुजी, रागावू नका. शाली घरी चार झाल्यात. महिन्यातला एखादा रविवार कोणी मुलाजवळ बसेल का, तेवढं बघा. शेजारच्या वहिनींना आज कशीबशी बसवून आले, म्हणून उशीर झाला."

त्या निघून गेल्या. आम्ही मात्र पंगतीत बसलो तरी घास गोड लागला नाही. वीस मिनिटे आम्ही ज्या त्यागाचे गुणगान केले, तो त्याग कमी करण्यासाठी आम्ही वीस मिनिटेही दिली नव्हती. किंबहुना असे वाटू लागले की, आमच्या गुणगानानेच त्या बाईंचे तोंड बंद केले होते. एकदा का एखाद्या स्त्रीला देवता म्हटले, की तिला 'मी थकले' असे म्हणण्याची सोय राहत नाही. देवता कधी थकतात काय? आज आमचे सांगणे एवढेच आहे की, या घरांना आपण स्तुती फार दिली आणि विश्रांती मुळीच दिली नाही. आणि आता हा क्रम उलटा करण्याची वेळ आली आहे.

मराठीत एक चांगला शब्द आहे : खांदेपालट. पालखी वाहणारे भोई ठरावीक अंतरावर खांदा बदलतात. खांदा बदलणाऱ्या भोयाने पालखीचा अनादर केला असे कोणी म्हणत नाही. उलट खांदेपालट झाली नाही तर पालखीच रस्त्यात पडेल हे सर्व जाणतात. आपल्या रिवाजांत ही जाण जागोजागी आहे. वर्षभर राबलेल्या बैलाच्या मानेला जू लागलेले असते, म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याचे खांदे तूप-हळदीने मळतात आणि पोळ्याला त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत. सासुरवाशिणीला माहेरपण असते. माहेरी जाणारी मुलगी संसार टाकून पळाली असे नसून, चार दिवस विसावून ती पुन्हा त्याच संसाराला लागणार असते. फक्त या एका आईच्या वाट्याला ना पोळा आला, ना माहेरपण. माहेरी जायचे तरी मूल बरोबर, आणि थकलेल्या आजी-आजोबांच्या घरी त्याचे सारे करायचे ते तिलाच.

येथे एक गैरसमज दूर करतो. पालखीचा दाखला दिला म्हणजे मूल हे ओझे आहे असे आम्ही म्हणतो असे नव्हे. मूल ओझे नसते. मुलाची अखंड, एकट्याने, रात्रंदिवस करावी लागणारी देखभाल हे ओझे असते, आणि ते ओझे एकाच खांद्यावर ठेवायचे की वाटून घ्यायचे हे मुलावर अवलंबून नसून आपल्यावर अवलंबून असते.

ही खांदेपालट पद्धतशीरपणे करण्याचा प्रयत्न ज्या देशांनी केला त्यांत इंग्लंडचा अनुभव बोधप्रद आहे. त्यात यश आहे आणि चुकाही आहेत, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथे अशा मुलाच्या आईबापांपुढे साधारण दोनच वाटा होत्या : एक तर मूल घरी ठेवा आणि सर्व काही स्वतः सोसा, किंवा त्याला मोठ्या रुग्णालयवजा संस्थेत कायमचे सोडा. मॉरीन ऑस्विन नावाच्या बाईंनी १९७१ मध्ये 'द एम्प्टी अवर्स' हे पुस्तक लिहून अशा संस्थांतील मुलांचे शनिवार-रविवार किती रिकामे, किती निष्प्रेम जातात हे लोकांपुढे मांडले. मधली तिसरी वाट हवी होती. १९७६ मध्ये लीड्स शहरात आणि सॉमरसेट परगण्यात एक साधी कल्पना सुरू झाली : एखाद्या सामान्य कुटुंबाला थोडे शिक्षण देऊन अशा एका मुलाशी जोडून द्यायचे, आणि त्या कुटुंबाने मुलाला अधूनमधून एखादा दिवस, एखादी रात्र, एखादा आठवडा आपल्या घरी ठेवून घ्यायचे. म्हणजे आपल्याकडच्या मावशीच्या घराप्रमाणेच. फरक इतकाच की ही मावशी नगरपालिकेने निवडलेली, पारखलेली आणि शिकवलेली. पुढे १९८२ मध्ये ऑक्सफर्ड येथे हेलन हाउस उघडले. जगातील मुलांसाठीचे ते पहिले हॉस्पिस मानले जाते. त्याचा उगमही असाच. एका गंभीर आजारी मुलीच्या आईबापांना थोडी विश्रांती मिळावी म्हणून सिस्टर फ्रान्सिस डॉमिनिका नावाच्या जोगिणीने त्या मुलीला मधून मधून आपल्या मठात ठेवून घेतले, आणि त्या मैत्रीतून घर उभे राहिले.

या सेवेला प्रारंभी 'रेस्पाइट केअर' म्हणत. रेस्पाइट म्हणजे यातनेतून मिळालेली तात्पुरती सुटका. हा शब्द पुढे लोकांना खटकू लागला; कारण त्यात मूल म्हणजे यातना असे ध्वनित होते. म्हणून आता तेथे 'शॉर्ट ब्रेक', म्हणजे छोटीशी सुट्टी, असे म्हणतात. हा केवळ शब्दाचा बदल नव्हता. त्याच ऑस्विनबाईंनी १९८४ मध्ये 'दे कीप गोइंग अवे' हे दुसरे पुस्तक लिहिले आणि या अल्पकालीन व्यवस्थेचीच परखड तपासणी केली. आईला विश्रांती मिळते हे खरे, पण त्या काळात मुलाच्या मनाचे काय होते, असा त्यांचा प्रश्न होता. ज्याला काळ कळत नाही, ज्याला बोलून विचारता येत नाही, त्याला अनोळखी वॉर्डात सोडून आई निघून गेली की 'ती परत येणार' हे त्याला कोण सांगणार? त्याचे रडणे हे हट्ट किंवा आजार समजले जाई. वस्तुतः ते ताटातुटीचे दुःख असे. या टीकेचा अर्थ असा की, सुट्टी दोघांची असली पाहिजे. आईला विसावा आणि मुलाला ओळखीच्या माणसांत, आवडीच्या उद्योगात गेलेला आनंदाचा वेळ, या दोन्ही गोष्टी साधल्या तरच ती सुट्टी.

पुढे ही गोष्ट दयेवर न राहता कायद्यात आली. २००८ च्या कायद्याने आणि १ एप्रिल २०११ पासून अमलात आलेल्या नियमांनी इंग्लंडातील स्थानिक संस्थांवर ही जबाबदारी टाकली. या नियमांतील एक कलम आम्हांला फार मोलाचे वाटते. विश्रांती कोणाला द्यायची? जी माणसे विश्रांतीवाचून कोसळून पडतील त्यांना तर द्यायचीच. पण विश्रांती मिळाल्याने ज्यांना मुलाची काळजी अधिक चांगली घेता येईल त्यांचाही विचार करायचा. आणि त्या वेळात त्यांनी काय करावे? काही शिकावे, एखादा छंद जोपासावा, घरातील दुसऱ्या मुलांकडे लक्ष द्यावे, किंवा घरची नित्याची कामे उरकावीत. म्हणजे आई रुग्णालयात दाखल होईपर्यंत थांबायचे नाही. तिला भजनी मंडळात जावेसे वाटते, हे कारणही पुरेसे आहे. सेवा केव्हा असावी, तर संध्याकाळी, शनिवार-रविवारी आणि शाळेच्या सुट्टीत. म्हणजे नेमकी जेव्हा गरज असते तेव्हा.

इंग्लंडात सर्व आलबेल झाले असे मात्र समजू नये. २०१० नंतर तेथील स्थानिक संस्थांचे पैसे आखडले आणि पुष्कळ ठिकाणी या सेवांवर कात्री चालली. कायद्यात शब्द राहिला आणि दारावरची पाटी उतरली, असेही घडले. कायदा हवाच, परंतु कायद्यामागे जागी माणसे नसतील तर तो कपाटातच राहतो.

आपल्याकडे काय आहे? प्रथम अभिमानाची गोष्ट सांगू. आपल्या देशातील या क्षेत्रातील पुष्कळसे काम आईबापांनीच उभे केले. मुंबईची जय वकील शाळा १९४४ मध्ये वकील दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने काढली. नाशिकची प्रबोधिनी १९७७ मध्ये रजनीताई लिमये यांनी आपल्या मुलाला वाढवता वाढवता उभी केली. पुण्याची कामायनीही १९६४ पासूनची. शाळा झाल्या, उद्योगकेंद्रे झाली. आता कायदा पाहू. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी ज्या कार्यक्रमांना साहाय्य द्यायचे त्यांत या विसावा-सेवेचा स्पष्ट उल्लेख आहे. त्या न्यासाने 'समर्थ' नावाची योजना याच हेतूने आखली. २०१६ च्या कायद्याच्या चोविसाव्या कलमात, ज्यांना फार मोठ्या आधाराची गरज आहे त्यांच्या देखभालीसाठी भत्त्याची तरतूद आहे. म्हणजे दिल्लीच्या कागदावर आपण मागे नाही. पण आमच्या त्या आठ घरांपैकी एकाही घरी या योजनेचे नाव कोणाला ठाऊक नव्हते. हा दोष त्या घरांचा नव्हे. कागदापासून दारापर्यंतचा रस्ता आपण बांधला नाही.

तेव्हा सत्काराच्या त्या रात्रीनंतर आम्ही काही समवयस्क मंडळींनी ठरवले की, निदान एक रविवार तरी देऊन पाहावा. एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी दोन खोल्या दिल्या. आम्ही सातजण, बहुतेक निवृत्त. पहिल्या रविवारी चार मुले आली. त्यांत त्या बाईंचा नऊ वर्षांचा स्वमग्न मुलगाही होता. आम्ही मोठ्या हौसेने चित्रे, चेंडू, गाणी अशी तयारी केली होती. आणि पहिल्याच दिवशी आमचा पुरा फजितवाडा झाला. साडेअकराच्या सुमारास खिचडीच्या कुकरची शिट्टी झाली आणि तो मुलगा कानांवर हात ठेवून जो किंचाळू लागला तो काही केल्या थांबेना. आम्ही गाणी म्हटली, चॉकलेट दिले, उचलून घ्यायला गेलो; प्रत्येक उपायाने आकांत वाढतच गेला. शेवटी कोणीतरी धावत बाहेर गेले, तर त्या माउली घरी गेल्याच नव्हत्या! फाटकाबाहेर लिंबाखाली दोन तास बसून होत्या. त्या आत आल्या, गॅस बंद केला, मुलाला भिंतीकडे तोंड करून बसवले, आणि स्वतः न बोलता शेजारी बसल्या. दहा मिनिटांत तो शांत झाला. मग त्या आम्हांला म्हणाल्या, "घरी आम्ही भात पातेल्यातच लावतो."

आम्ही विचारलेच नव्हते. मदत करण्याच्या उत्साहात आम्ही हे गृहीत धरले की आम्हांला सारे कळते. ऑस्विनबाईंचे पुस्तक लंडनमध्ये जे सांगत होते तेच आम्हांला त्या कुकरने शिकवले.

त्यानंतर आम्ही रीत बदलली. आता मूल आमच्याकडे येण्यापूर्वी आमच्यापैकी एक व्यक्ती चार वेळा त्याच्या घरी जाते. पहिल्या वेळी नुसते बसायचे. दुसऱ्या वेळी आईच्या देखत भरवायचे. तिसऱ्या वेळी आई शेजारच्या खोलीत. चौथ्या वेळी ती तासभर बाजारात. प्रत्येक मुलाची एक वही केली आहे. ती आई सांगते आणि आम्ही लिहितो. औषध कोणते, केव्हा, किती. भरवताना कसे बसवायचे, मान कशी ठेवायची. हो आणि नाही तो कसे सांगतो : कोणी डोळे मिटतो, कोणी जीभ बाहेर काढतो. कशाला भितो, कशाने हसतो. फेफरे आले तर काय करायचे हे तर सर्वांना पाठ असावे लागते : कुशीवर वळवायचे, गळ्याजवळचे कपडे सैल करायचे, घड्याळ पाहायचे, तोंडात चमचा घालायचा नाही, दाबून धरायचे नाही, कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही. डॉक्टरांनी नाकात मारायचा फवारा लिहून दिला असेल तर तो त्यांनी सांगितल्याप्रमाणे द्यायचा, आणि झटका पाच मिनिटांच्या वर गेला तर रुग्णालय गाठायचे. यात विद्वत्तेचे काही नाही. मन लावून शिकले तर कोणालाही येण्यासारखे आहे.

तिसऱ्या महिन्यात त्या बाई मुलाला सोडून खरोखरच घरी गेल्या. चार तासांनी परत आल्यावर आम्ही विचारले, "काय केलंत? सिनेमा पाहिलात, की देवळात गेलात?" त्या म्हणाल्या, "झोपले." मग थोडे थांबून म्हणाल्या, "उठले तेव्हा घरात कोणी हाक मारत नव्हतं. मला आधी भीतीच वाटली."

या कामाविरुद्ध जे आक्षेप आम्ही ऐकले त्यांचाही विचार केला पाहिजे. एका आजींनी आम्हांला दारातच सुनावले, "आम्ही पाच लेकरं वाढवली, पण कधी परक्याच्या हाती दिली नाहीत!" आजींचा अधिकार मोठा; पण आम्ही त्यांना नम्रपणे विचारले, "आजी, तुमच्या वाड्यात माणसं किती होती?" त्या मोजू लागल्या आणि चौदावर थांबल्या. आत्या, काकू, मोठी जाऊ, विहिरीवरच्या शेजारणी. आजींची पाच लेकरे एकट्या आजींनी वाढवलीच नव्हती. खांदेपालट त्या वाड्यातच होती, म्हणून तिला वेगळे नाव नव्हते. आज दोन खोल्यांच्या घरात तिसरे मोठे माणूस नाही. अर्थात जुन्या वाड्याचेही सर्वच गोड नव्हते. असे मूल कित्येकदा माजघराच्या अंधारात लपवले जाई, पाहुण्यांपुढे आणले जात नसे. आपल्याला वाड्यातली माणसे हवीत, तो अंधार नको.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : परक्याच्या हाती मूल सुरक्षित राहील कशावरून? ही भीती खोटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसले की, दिव्यांग मुलांवर अत्याचार होण्याचा संभव इतर मुलांच्या मानाने सुमारे ३.७ पट असतो. ज्याला बोलता येत नाही त्याला तक्रारही करता येत नाही. म्हणून येथे भाबडेपणा चालणार नाही. मुलाजवळ एका वेळी दोन माणसे असावीत, दार उघडे असावे, प्रत्येक स्वयंसेवकाची पोलिसांकडून पडताळणी व्हावी, आणि आईबापांनी न कळवता केव्हाही यावे. जेथे त्यांना अडवतात तेथे मूल ठेवू नये. एवढी दक्षता घेतली म्हणजे परका हा परका राहत नाही.

तिसरे म्हणणे असे की, 'हे सरकारचे काम आहे.' ते आहेच. रात्रीचा मुक्काम, शिकलेली परिचारिका, वाहन या गोष्टी रविवारच्या हौशी मंडळींनी होणाऱ्या नव्हेत. त्यांसाठी नगरपालिकेने आणि शासनाने पैसा टाकला पाहिजे आणि तो मागण्यात आपण संकोच करू नये. पण सरकारने करावे म्हणून शेजाऱ्याने करू नये, असा त्याचा अर्थ नाही.

आणखी एक कारण आहे, आणि ते आम्ही मुद्दाम शेवटी ठेवले आहे. या प्रत्येक घरात रात्री दिवा मालवल्यावर एक प्रश्न जागा असतो : आमच्यामागे याचे कसे होणार? या प्रश्नाला कायद्यात पालकत्वाची तजवीज आहे, पण पालकत्वाच्या कागदाने मुलाला झोप येत नाही. जे मूल चाळीस वर्षे आईवेगळे एक रात्र राहिले नाही, त्याला पहिल्यांदा घराबाहेर नेले जाते ते आई गेल्याच्या दिवशी. म्हणजे ज्या दिवशी त्याचे सर्वस्व गेले त्याच दिवशी त्याला अनोळखी खाट, अनोळखी अन्न, अनोळखी माणसे. याहून निर्दय व्यवस्था कोणती असेल? आणि ती कोणा दुष्टाने केलेली नसते. प्रेमानेच केलेली असते. उलट जे मूल लहानपणापासून महिन्यातून एकदा दुसऱ्या घरी जेवले, झोपले, हसले, त्याला जगात आईशिवायही आपली म्हणावी अशी चार माणसे असतात. आईची आजची विश्रांती ही मुलाच्या उद्याची तयारी आहे. जी आई 'मी आहे तोवर मीच करीन' असे म्हणते, तिच्या प्रेमापुढे आम्ही नतमस्तक आहोत. तरीही तिला हात जोडून सांगतो की, बाई, तू आहेस तोवरच दुसऱ्या हातांची ओळख करून दे.

आता मागणे. ते फार मोठे नाही. आपल्यापैकी ज्यांना शक्य असेल त्यांनी महिन्यातून चार तास द्यावेत. पैसा नको; वेळ, आणि तोही नियमाने. एकदा येऊन पुन्हा न येणाऱ्यांनी येऊच नये, कारण हे मूल ओळख झालेल्या माणसाची वाट पाहते. ज्यांना तेही शक्य नसेल त्यांनी आपल्या शेजारी असे घर असेल तर तेथे जावे. सल्ला देऊ नये, गुणगान करू नये, कोणत्या देवाचा नवस राहिला ते विचारू नये. 'तुम्ही दोघं लग्नाला जाऊन या, मी बसतो,' एवढेच म्हणावे. पहिल्यांदा ते नाही म्हणतील. दुसऱ्यांदाही म्हणतील. तिसऱ्यांदा कदाचित वही काढतील. त्या घरात एखादी भावंडे असतील. त्यांच्या स्नेहसंमेलनाला, शर्यतीला आजवर कोणी गेलेले नसते. आईबापांना त्या एका संध्याकाळी मोकळे करावे. आणि नगरपालिकेतील जी मंडळी आज पुढच्या रांगेत बसली आहेत त्यांना आमची विनंती अशी की, मे महिन्यात शाळांच्या इमारती रिकाम्या असतात. त्यांतली एक, पंखे आणि तळमजल्यावरचे न्हाणीघर चालू करून, पुढच्या वैशाखात या मुलांसाठी महिनाभर उघडी ठेवावी. बाकीचे आम्ही पाहू.

मांडवाच्या दाराशी ग्रंथालयाच्या टेबलावर एक कोरी वही ठेवली आहे. आज टाळ्या कमी पडल्या तरी चालतील. आम्ही जाताना ती वही पाहणार आहोत. पुढील वर्षी ही व्याख्यानमाला भरेल तेव्हा त्या आठ घरांतल्या निदान चौघीजणी या मांडवात बसलेल्या असाव्यात, एवढीच आमची इच्छा आहे. त्यांना व्याख्यान आवडले नाही तर त्यांनी खुशाल मध्येच उठून जावे. आपल्या मर्जीने उठून जाण्याची चैन त्यांनी फार दिवसांत केलेली नाही.